रिमोट हातातून सुटायला लागला तेव्हा

"मोटर न्यूरॉन डिसीज," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी मरत जातात, मग स्नायू वाळतात, असं त्यांनी समजावलं.

माझ्या नवऱ्यानं, सुनीलनं, एवढंच विचारलं, "बरं कवा व्हईल?"

"बरं होत नाही. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो."

आम्ही शिक्रापूरला राहतो. सुनील रांजणगावच्या कंपनीत फिटर. आर्यासाठी, आमच्या मुलीसाठी, त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. रिमोट धरून हात फिरवला, की पडद्यावरचा खेळाडू टेनिसचा फटका मारायचा. सुट्टीच्या दिवशी सासूबाईसुद्धा पदर खोचून खेळायच्या.

मग सुनील हरायला लागले. रिमोट हातातून निसटायचा. आर्या चिडायची, "पप्पा, मुद्दाम हरू नका ना!"

शिफ्टचा थकवा समजून आम्ही तेल चोळलं. शिरूरच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय करायला लावला. मणक्यात काही निघालं नाही. पुण्याला ईएमजी केली, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज तपासतात. सुनील ओठ दाबून पडून होते. अंगठ्याजवळचं मांस खोल गेलेलं मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

ज्यांच्या घरी हे येईल त्यांना सांगते, लेकरांपासून लपवू नका. आम्ही लपवलं. शेवटी सांगितलं, तेव्हा आर्या म्हणाली, "म्हंजी पप्पा मुद्दाम हरत न्हवते?" आणि दिवसभर जेवली नाही.

उजवा हात गेलाय, डावा चाललाय. बोलणंही जड झालंय. गेम कपाटात टाकला होता. परवा सुनीलच म्हणाले, "लाव की. मला बघायचंय."

मी कधी खेळले नव्हते. ते खुर्चीतून शिकवत होते, "हात मागं घे... आता मार." माझा फटका हुकला. ते खदखदून हसले, आणि हसताना त्यांना ठसका लागला. गिळणं पुढं अवघड होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांना पुढं वाकवून धरलं. आर्या भिंतीला चिकटून उभी होती.

श्वास जागेवर आला. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी पुसलं. आर्यानं टीव्ही बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," सुनील अडखळत म्हणाले. "आईची सर्व्हिस हाय."

मी रिमोट उचलला.