एका बोटाचा उकुलेले

धडपणे पार पडलेल्या कामाचा कधी किस्सा होत नाही, राजेहो. माझा धंदा मोटरपंप दुरुस्तीचा. आजवर ज्या मोटरी पहिल्या झटक्यात चालू झाल्या, त्यातली एकही मला आठवत नाही. जिनं भरदुकानात माझ्याच अंगावर पाणी फेकलं, ती मात्र अजूनही चहासोबत पुरते.

तसंच हे. बायकोला गुपचूप एक चांगला उकुलेले घेऊन द्यायचा, एवढंच काम होतं. शहाण्या माणसानं एका दुपारी उरकलं असतं. मी सल्ला घेतला. तोही दोस्तांचा.

दोस्त दोनच. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या मैदानाला लागून एक कँटीन आहे, सकाळी फिरून आलो की आम्ही तिघं तिथे बसतो. एक वानखडे सर, गणिताचे, रिटायर झाले तरी फळा सुटलेला नाही. दुसरा गजानन, मूळचा वरूडचा, संत्र्याचा व्यापारी. त्याला म्हटलं, "जरा हळू बोल," तर तो दुप्पट आवाजात विचारतो, "काहून?"

आता तुम्हीच सांगा, गुपित ठेवायला याहून बरी माणसं कुठे भेटतील?

*

आधी जुन्या उकुलेलेची गोष्ट सांगतो. म्हणजे चार तारांचं ते लहानसं गिटारासारखं वाद्य. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या पोरीनं, मुग्धानं, एका प्रदर्शनातून आणला होता. निळा, खेळण्यातल्यासारखा. मंगलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मोबाईलवर बघून बघून शिकून घेतला आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात वाजवायला लागली. तेव्हाचा तिचा चेहरा पाहायचा होता तुम्ही.

पण निळ्याची एक खुंटी सारखी ढिली पडायची. एक गाणं संपेपर्यंत तार उतरलेली. आता ढिलं काही दिसलं की पंपवाल्याचा हात कुठे जातो? टेफ्लॉन टेपकडे. नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ना आम्ही, ती पांढरी पट्टी. मी खुंटी काढली, चांगली जाड टेप गुंडाळली आणि ठोकून बसवली.

तार उतरायची थांबली. नुसती थांबली नाही, कायमची थांबली. खुंटी पक्कडनंही फिरेना. आणि थांबली ती नेमकी बेसूर जागेवर.

मी मोठ्या तोऱ्यात मंगलाला सांगितलं, "पाहाय, आता थेंबभर लिकेज नाही."

*

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली; आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर तिची मूर्ती मांडून रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. कॉलनीतल्या बायकांनी पोरीबाळींना घेऊन भुलाबाईची गाणी पुन्हा सुरू केली आहेत. यंदा मंगला गाण्यांना साथ देणार असं ठरलं. पहिल्याच दिवशी निळा घेऊन गेली. दुसऱ्या गाण्याला पोरी एकीकडे, निळा दुसरीकडे. कोणीतरी प्रेमानंच म्हणालं, "मंगलाताई, तुमी आपल्या टिपऱ्याच घ्या."

घरी आली, निळा कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "माहा हातच बेसूर हाय. या वयात कायचे शौक."

मी म्हटलं, "अवं, हात नाही, खुंटी..."

"खुंटी तं तुमी दुरुस्त केली ना?"

मी खिशातली टेप आणखी आत सरकवली. पण मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. त्या दिवसापासून कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये नुसतीच शांतता. कोजागिरीला भुलाबाई उठायच्या आत तिच्या हातात चांगला उकुलेले पडलाच पाहिजे, असं मी ठरवलं. नाहीतर ही बाई पुन्हा म्हणून तारेला हात लावत नाही.

*

कँटीनवर विषय काढला. वानखडे सर म्हणाले, "सुभाषराव, उकुलेले तीन-चार मापांत येतो. वहिनींच्या हाताचं माप काय?"

"माप कसं घेऊ? विचारलं तर तिले समजते."

"वहिनींचा हातमोजा आणा."

आमच्याकडे बायका स्कुटी चालवताना उन्हाचे कोपरापर्यंत हातमोजे घालतात, तोंडाला स्कार्फ. मी तिचा डावा हातमोजा पळवला. सरांनी कँटीनच्या टेबलावर तो पसरला, खिशातून कंपास काढला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं, कागदावर एक त्रिकोण काढला आणि जाहीर केलं, "लहान नको, मोठा नको. मधला."

गजानन म्हणाला, "हे तं मी मोजा न पाहताबी सांगतलं असतं."

"ते अनुमान झालं. हे प्रमेय आहे," सर म्हणाले.

प्रमेय सिद्ध झालं, पण मोजा काही सरांनी परत दिला नाही. म्हणे खरेदी होईपर्यंत पुरावा हाताशी हवा. इकडे मंगला घरभर मोजा शोधतेय. शेवटी एकाच मोज्यानं स्कुटी चालवायला लागली. ऑक्टोबरचं आमचं ऊन. पंधरवड्यात डावा हात वेगळा, उजवा वेगळा. शेजारीण विचारते, "काय वं, एका हाताले मेकप करतं का?"

*

पहिल्यांदा एकटाच गेलो, अमरावतीतल्याच एका वाद्यांच्या दुकानात. दुकानदारानं एक उकुलेले हातात दिला आणि म्हणाला, "वाजवून पाहा."

आता मोटर असती तर कानाला स्क्रूड्रायव्हर लावून बेअरिंग गेलं का ते सांगितलं असतं. इथे मी तो उलटा केला, भोकात डोकावलो, ठोकून पाहिला आणि परत दिला. दुकानदार समजून गेला, हा टाइमपास गिऱ्हाईक आहे.

मग पोरीला फोन. मुग्धा हसून हसून बेजार. म्हणाली, "बाबा, एक कॉर्ड शिका. सी. एकच बोट लागतं. डाव्या हाताची अनामिका, सगळ्यात खालची तार, तिसरं घर. तेवढं दाबायचं आणि चारही तारा छेडायच्या. छान वाटलं तर घ्या."

एकच बोट! पण ते बोट काही जागेवर जाईना, राजेहो. कपाटावरचा निळा काढला तर मंगलाला समजेल, मग तालीम करू कशावर? माझ्या दुकानात पाइपवर केली. घरी दिसेल त्यावर केली. बाजारात भाजीवाली ओरडली, "भाऊ, दुधी घ्याचा तं घ्या, त्याले गुदगुल्या नका करू."

*

अकोल्याला एका दुकानात चांगला माल आहे असं कळलं. गजानन म्हणाला, "मी येतो. माल पारखणं तुह्या बापानं केलं होतं का कधी?"

दुकानदारानं काचेच्या कपाटातला एक देखणा उकुलेले काढला. गजाननानं तो तळहातावर तोलला. मग नाकाशी धरला. मग विचारलं, "हा आंबिया का मृग?"

दुकानदार गोंधळला. मी समजावलं की संत्र्याचे दोन बहार असतात, आंबिया आणि मृग, आणि हा भाऊ त्यातला आहे.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे लाकूड आहे."

"लाकूडबी झाडाचंच असते ना?"

मग गजाननानं व्यापारातला अखेरचा नियम काढला. "हा नको. वरच्या थरातला माल दाखवायचा असते, घ्यायचा नसते. खालच्या थरातला काढा."

मी शरमेनं रस्त्याकडे पाहायला लागलो. दुकानदार मात्र चिडला नाही. आत गेला, एक बंद खोका घेऊन आला. त्यातून निघाला साधा, चॉकलेटी, न चमकणारा. मधल्या मापाचा. त्यानं तारा सुरात लावून दिल्या आणि पुन्हा तेच वाक्य, "वाजवून पाहा."

मी अनामिका टेकवली. उजव्या हाताचा अंगठा वरून खाली फिरवला.

काय सांगू तुम्हाला. तो आवाज दुकानात नुसता उभा राहिला, खाली बसायचं नावच घेईना. मला एकदम मंगला दिसली, कुकरजवळ बसलेली, तार उतरली की स्वतःच्याच बोटांकडे पाहणारी. माझे डोळे भरून आले. गजानन जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला, "बांधून द्या हा."

*

घरी लपवायला जागा नाही. मंगलाला घरातली पिन कुठे आहे तेही ठाऊक असतं. (मोजा सोडून.) म्हणून गजाननाच्या गोदामात ठेवायचं ठरलं. सरांनी धक्का लागू नये म्हणून आत डावा मोजा घडी करून घातला, खोक्याला चिकटपट्टी लावली.

कोजागिरीच्या सकाळी गोदामात गेलो, तर खोका गायब. गजानन डोकं खाजवत म्हणाला, "पोरायनं संत्र्याच्या गाडीत भरला वाटते. गाडी शेंदूरजनाघाटले गेली, वरूडच्याबी पुढं, पॅकिंगले."

मंगलानं सकाळीच टिपऱ्या पुसून ठेवल्या होत्या. गजाननानं फोन उचलला. गोदामातून बोलत होता, पण मला वाटतं शेंदूरजन्याला फोनशिवायही ऐकू गेलं असावं. पॅकिंगवाल्यांनी खोका शोधला आणि परतीच्या गाडीत घातला. दुपार कलता कलता तो मैदानावर पोचला. आतला माल शाबूत. बाहेर संत्र्याचा दणदणीत वास, आणि झाकणावर स्टिकर: एक नंबर माल.

गजानन म्हणाला, "पाहाय, ग्रेडिंगबी फुकटात झालं."

*

भुलाबाईत शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा बंद, आत काय खाऊ आहे ते हलवून, हुंगून, विचारून ओळखायचं. आमच्या बायका यात लहानपणापासून तयार. कोजागिरीच्या संध्याकाळी मैदानावर सगळ्या बसलेल्या, मंगला मागच्या रांगेत, मांडीवर टिपऱ्या. आम्ही तिघं दुधाच्या पातेल्याजवळ. मी तो खोका ओढणीत गुंडाळून मध्ये नेऊन ठेवला आणि म्हटलं, "यंदाची एक खिरापत माह्याकडून."

कल्ला झाला. एकीनं हुंगलं, "संत्रा बर्फी." दुसरीनं हलवलं, "बर्फी इतकी हलकी नसते, चिवडा हाय." "गोड का तिखट?" मी म्हटलं, "वाजवणाऱ्यावर हाय." सगळ्या हरल्या. कोणीतरी म्हणालं, "मंगलाताई, तुमी ओळखा, तुमच्या घरचं हाय."

मंगला उठली. खोक्याला तिनं हातसुद्धा लावला नाही. सरळ माझ्याकडे आली, माझा डावा हात धरला आणि अनामिका सगळ्यांना दाखवली.

"पंधरा दिवस झाले, हे बोट जागेवर नाही. लाटण्यावर ठेवते, दुधीवर ठेवते, काल टीव्ही पाहता पाहता माह्या मनगटावर ठेवून राहिले होते. सी हाय तो. खोक्यात उकुलेले हाय."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आन् एक घर मांगं पडते तुमचं बोट."

खोका उघडला. वरच तिचा डावा मोजा. तिनं सरांकडे पाहिलं, सरांनी दुधाकडे.

मग तिनं तारा लावल्या आणि पहिलं गाणं सुरू झालं. दुसरं झालं. मी फक्त तार उतरते का ते ऐकत होतो. तिसरं, चौथं, पोरी दमल्या पण सूर काही हलला नाही. शेवटचं गाणं संपलं तेव्हा मंगला आपल्या डाव्या हाताकडे पाहत बसली, उन्हानं काळ्या पडलेल्या.

"म्हणजे हात माहा बरोबरच होता," ती म्हणाली.

गजाननाला नाक शिंकरायला लागलं. मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

बायका म्हणाल्या, आणखी एक होऊ द्या. मंगलानं शेजारच्या पोरीला घरी पिटाळलं आणि कपाटावरचा निळा आणवला. तो माझ्या मांडीवर ठेवला.

"हा घ्या. याले एकच सूर येते, तुमालेबी एकच येते. बसा माह्या बाजूले."

मी अनामिका टेकवली. तिनं ती धरून एक घर पुढे सरकवली.