खालचं बेअरिंग गेलंय

दादाला बायपाससाठी सोमवारी सकाळी ठाण्याच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. आदल्या दिवशी, रविवारी, माझ्या सकाळच्या चहाच्या वेळेला डोंबिवलीहून वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, गाडी खडखड करतेय. हे म्हणतायत खालचं बेअरिंग गेलंय, इंजिन खोलावं लागेल. उद्याचं रद्द करा म्हणतायत."

रद्द होण्याची ही तिसरी वेळ झाली असती. पहिल्यांदा दादाला ताप आला, दुसऱ्यांदा वहिनीच्या माहेरी लग्न निघालं. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलेलं, यापुढे ढकलाढकली नको. मधेच काही झालं तर पेशंट आमच्यापर्यंत पोचणारही नाही, म्हणाले.

"भाड्याची गाडी करू," मी म्हटलं.

"नको म्हणतात. अनोळखी ड्रायव्हर असला की छातीत धडधडतं म्हणे. तुम्ही चालवत असलात की निदान शिव्या देता येतात."

ॲम्ब्युलन्सचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. बाबा ॲम्ब्युलन्समधून गेलेले, ते परत आले नाहीत.

म्हणजे सगळा भार त्या गाडीवर. दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली, दादाने स्वतःच्या हातांनी जगवलेली. बिल्डिंगमधले लोक स्कूटर घेऊन त्याच्या गॅलरीखाली उभे राहतात आणि तो वरूनच ऐकून सांगतो, "प्लग बदल." माझं यांत्रिक ज्ञान कुकरच्या शिट्टीपाशी सुरू होतं आणि शिट्टी अडकली की संपतं. दादाचा एकमेव विश्वासू मेकॅनिक शिमग्याला गावी गेलेला. तो असता तर मी ठाण्यातून, बाळकुमच्या घरातून निघालोच नसतो, खरं सांगायचं तर.

पोचलो तेव्हा दादा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला. मी खाली बॉनेट उघडलं, ऑइल पाहिलं. काळं होतं, पण पुरेसं होतं. चावी फिरवली. डब्यात खिळे भरून हलवावेत तसा आवाज आला.

"बंद कर!" वरून दादा ओरडला. "बंद कर आधी! चालू ठेवलीस तर आतला रॉड इंजिन फोडून बाहेर येईल!"

मी बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा लावली. पुन्हा खडखड, पुन्हा "बंद कर रे गाढवा!" तिसऱ्यांदा तर आवाज नीट कानात शिरायच्या आत मी घाबरून स्वतःच बंद केली. आयुष्यभर त्याने थांब म्हटलं की थांबत आलोय. मी पन्नाशीचा आहे हे माझ्या हातांना अजून कुणी कळवलेलं नाही.

"बघ, सांगितलं ना," दादा म्हणाला. "उद्याचं जमत नाही. डॉक्टरांना फोन करून टाक."

जेवताना तो बरा वाटला. हसला, दुसऱ्यांदा भात घेतला. हे मला खटकायला हवं होतं, पण समोर वालाचं बिरडं होतं.

जेवणानंतर गोळ्यांनी त्याला झोप लागली. मी पार्किंगमध्ये उघड्या बॉनेटसमोर उगाचच उभा होतो. वहिनी खाली आली.

"मला एक सांगा. गाडी चालू ठेवली तर काय होईल?"

"इंजिन फुटेल म्हणतो दादा."

"आणि बंद ठेवली तर?"

तिने चावीसाठी हात पुढे केला.

तिला गाडी चालवता येत नाही. पण दोन माणसं हवी होती. एक चावीला, एक इंजिनाला. मी बॉनेटमध्ये वाकून "लावा" म्हणालो आणि गाडीने माझ्या अंगावर उडी घेतली. गिअर काढायला मीच विसरलेलो. मी मागच्या खांबाला जाऊन चिकटलो.

"लागलं का?" वहिनी आतून ओरडली.

"हळू बोला, तो उठेल."

गिअर काढून पुन्हा लावली. खडखड सुरू झाली. माझी पाठ वरच्या गॅलरीकडे आणि मानेवरचे केस ताठ. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक इंजिनाला टेकवलं. ही दादाचीच युक्ती. इंजिन फुटलं तर रॉड पहिला माझ्या कानाचा पत्ता विचारणार होता.

खाली, दादा म्हणत होता तिथे, टोक लावलं. साधी घरघर. थोडं पुढे, तेच. मग बाजूला, एसीचा पट्टा फिरतो तिथल्या छोट्या पुलीच्या बोल्टवर टोक ठेवलं आणि कानात कुणी पत्रा फाडावा तसं झालं. मी स्क्रू ड्रायव्हरच टाकला.

"बंद करा, बंद करा!"

"फुटलं?" वहिनीचा चेहरा पांढरा पडलेला.

"थांबा."

दादाने कधीकाळी शिकवलेलं आठवत होतं: आवाज कुठला कळेना, तर पट्टा काढ आणि गाडी लाव. एसीच्या पट्ट्यावर दुसरं काहीच चालत नव्हतं. पण बोल्ट गंजलेला, जागा एवढीशी. पाना दोनदा सटकला, बोटांची सालटं गेली. शेवटी पट्टा सैल होऊन हातात आला. मागोमाग पुलीही काढून घेतली.

"आता लावा."

वहिनीने डोळे मिटून चावी फिरवली.

खडखड नाही. म्हाताऱ्या इंजिनाची नेहमीची टिकटिक तेवढी. खुर्चीतून उठताना माणूस कण्हतो तेवढीच. मी ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितलं. तरी नाही.

तेव्हा सहज वर पाहिलं. दादा गॅलरीत उभा होता. कठड्यावर दोन्ही हात. इंजिन चालू होतं, चालूच होतं, आणि तो बंद कर म्हणत नव्हता. आमची नजरानजर झाली तसा तो आत गेला.

मी पुली घेऊन वर गेलो. तो पलंगावर बसलेला. त्याच्यासमोर पुली धरून फिरवली. खर्रर्र.

"ही होती."

त्याने घेतली, एका बोटाने फिरवली. "हं."

"तुला कळलं नव्हतं?"

माझ्यामागे वहिनी दारात येऊन उभी राहिली. दादा पुलीकडेच बघत राहिला.

"झोपेतसुद्धा कळेल मला हा आवाज," तो म्हणाला. मग अगदी खालच्या सुरात, "भीती वाटते रे. छाती उघडतात."

इतकी वर्षं त्यानेच बोलायचं आणि मी ऐकायचं, हीच वहिवाट. वहिनी आतल्या खोलीत गेली आणि कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला. धाडकन. ती चिडलेली होती की रडत होती, कळलं नाही.

"एसीशिवाय जायचं मग?" दादाने शेवटचा प्रयत्न केला. "शीळफाट्याला काय धूळ असते."

"रुमाल बांध."

तो पुली तशीच फिरवत बसला. मग माझी सोललेली बोटं त्याला दिसली.

"कुठला पाना लावलास?"

"बारा नंबरचा."

"वाटलंच. बोल्टच्या कडा खाल्ल्या असशील." त्याने पुली माझ्या हातात दिली. "पट्टा डिकीत ठेव, फेकू नकोस. परत आलो की नवी पुली मी बसवेन. तू हात लावायचा नाहीस."

आतून वहिनीने विचारलं, "भाऊजी, किती वाजता निघायचं?"

मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "सहाला."