पाटीवरचं नाव

शेजारच्या टेबलावरची मेघना रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत ओढणीच्या टोकाने एक पितळी पाटी पुसते. पाटीवर कंपनीने परदेशात घेतलेल्या पेटंटचा क्रमांक आहे आणि खाली तिचं नाव. ऑनलाइन फॉर्ममध्ये आधी पिनकोड विचारायचा, मग गाव आपोआप भरायचं, अशी ती पेटंटची युक्ती. आम्ही दोघांनी ती चहाच्या मशिनपाशी उभ्या उभ्या काढली होती.

पेटंटचा अर्ज भरताना ती म्हणाली होती, "तुझंही नाव घालते रे."

"नको. उद्या पोळी गोल लाटण्याचंही पेटंट घ्याल," मी म्हणालो होतो. आजूबाजूचे प्रोग्रॅमर हसले होते. आमच्यात बहुतेकांचं हेच मत असतं. एकमेकांचा कोड वाचूनच आपण शिकलो, मग आता कुंपण कसलं? मत खरं आहे आणि मी ते आजही कुणाला पटवून देईन. फक्त पाटी आल्यापासून ते सांगताना माझा आवाज जरा चढतो. तत्त्वाला एवढा आवाज कशाला लागावा?

काल मेघनाकडे पेटंटचा नवा अर्ज भरायला आला. यातली युक्तीही आम्हा दोघांचीच.

"या वेळी तरी तुझं नाव घालू का?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिने आणखी एकदा विचारावं म्हणून तिथेच थांबलो.

"बरं," म्हणत तिने पुढचा रकाना भरायला घेतला.