खंडेनवमीचा कंटेनर

कोल्हापुरात जहाज कंपनीत नोकरी करते म्हटलं की लोक आधी हसतात. "रंकाळ्यात लावता व्हय जहाज?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता मीच आधी विचारून टाकते. राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना. इथं बसून मी शिरोलीच्या फौंड्र्यांचा माल समुद्रापार पाठवते, आणि हे काम मला झकास जमतं.

पूर्वी कंपनीचा संबंध फक्त बंदर ते बंदर. माल न्हावाशेव्याला कसा आला, पलीकडे उतरून कुठं गेला, आम्हाला काय त्याचं! मग वरच्या साहेबांच्या लक्षात आलं की नुसती जहाजं हाकून आता भागत नाही. परदेशातले कारखाने गोदामात माल साठवतच नाहीत. थोड्या दिवसांपुरता ठेवतात, पुढचा वाटेवर असावा लागतो. वाटेवरचा माल उशिरा पोचला की तिकडचं काम बंद. म्हणून कंपनीनं ठरवलं, इकडच्या गेटपासून तिकडच्या गेटपर्यंत सगळं आपणच करायचं. ट्रेलर आपला, कागदपत्रं आपली, तारखांची जबाबदारीही आपली. कोल्हापुरातला असा पहिला कंटेनर माझ्याकडे आला आणि मुंबईच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "हा वेळेत गेला तर तुमचं ऑफिस राहील. नाहीतर काम पुण्याला जाईल."

पुण्याला! माझं डोकंच फिरलं.

ट्रेलर कधी धाडायचा हे संगणक ठरवणार होता. त्याला सुट्ट्या तेवढ्या सांगायच्या होत्या. मी इथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी म्हणून सोमवार भरला, दसरा भरला. खंडेनवमी भरली नाही. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, त्यांना हात लावायचा नसतो, हे का कुणी लिहून ठेवतं? इथं शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. संगणकाला नव्हतं. त्यानं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, ट्रेलर फौंड्रीच्या दारात आणून उभा केला.

मी स्कूटर दामटत पोचले, तर फोर्कलिफ्टला झेंडूची माळ आणि क्रेनला हळदकुंकू. पंपाच्या झाकणांनी भरलेल्या पेट्या तयार होत्या, पण त्या उचलणार कशानं? मालक नुकताच नारळ फोडून हात पुसत होते.

"ताई, तुमास्नी बी कळंना व्हय? आज मशीन हलत न्हाय."

"चूक माझीच हाय, मालक. पण आज गाडी निघाली न्हाय तर उद्या बंदराचं गेट बंद. जहाज थांबत न्हाय."

"मग जहाजाला सांगा की, आज खंडेनवमी हाय म्हणून!"

मला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात हमालांचा मुकादम, हातातला पेढा संपवत म्हणाला, "मालक, मशीन बसलंय पूजंला. आमचं हात कुठं बसल्यात?"

मालकांनी त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं हसले. मग पेट्या उघडल्या, रिकाम्या करून कंटेनरमध्ये नेऊन ठेवल्या, आणि वीस माणसं ओळीनं उभी राहिली. झाकणं एकेक करून या हातातून त्या हातात सरकू लागली. ओढणी कमरेला बांधून मीही ओळीत घुसले. पहिल्याच झाकणानं मला वाकवलं. बारा किलोचं होतं ते. मालक स्वतः आत शिरून मोजदाद करत होते. पेट्या बंद करायला हातोडा मागितला, तर तोही पाटावर कुंकू लावून बसलेला. खिळे शेवटी दगडानं ठोकले. पाचच्या सुमाराला ट्रेलर हायवेला लागला, तेव्हा मला भयंकर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी कंटेनर वेळेत बंदरात शिरल्याचा मेसेज आला. मी अहवालात जे घडलं ते लिहिलं: सुट्टी भरायची राहिली, चूक माझी, माल हातानं भरला. लपवाछपवी मला जमत नाही. अहवाल वाचून साहेबांचा फोन आला. आता पुणंच, असं धरूनच मी तो उचलला.

"ऑफिस कोल्हापुरातच राहील," ते म्हणाले. "पण मला एक सांगा. तिकडं सगळ्यांना माहीत असतं आणि इकडं कुणालाच माहीत नसतं, असं अजून काय काय आहे?"

"साहेब," मी म्हटलं, "खुर्ची ओढून बसा. वेळ लागेल."