आमची कोकरूवाली

आमच्या देव्हाऱ्यात बिरोबा-खंडोबाच्या चांदीच्या टाकांशेजारी एक काळपट ब्राँझचं नाणं असतं. सासऱ्यांना ते सांगोल्याकडे मेंढ्या चारताना ओढ्याच्या वाळूत सापडलं. एका बाजूला कुणाचं तरी मुंडकं, दुसऱ्या बाजूला उभी बाई, छातीशी काहीतरी कवटाळलेली. सासूबाई म्हणाल्या, "कोकरू हाय त्ये." झालं! बाई टाकांच्या रांगेत बसली. दर नवरात्रात आम्ही तिला चिंचेनं घासायचो आणि हळद-कुंकू लावायचो. घासून घासून बिचारीचं नाक गेलं.

सासूबाईंच्या माघारी घट बसायच्या आदल्या दिवशी मी टाक उजळायला काढले होते. थोरल्या दिरांबरोबर त्यांच्या ओळखीचे नाण्यांचे एक जाणकार आले. भिंग लावून म्हणाले, "अहो, हे रोमन आहे! ही त्यांची नशिबाची देवी. हातात कोकरू नाही, फळांनी भरलेलं शिंग आहे." माझ्या हातातली चिंच दिसली तसा त्यांनी कपाळाला हात लावला. "घासता? असलं नाणं घासायचं नसतं हो!"

भाऊजींचा चेहरा उतरला. "रोमची देवी? काढा ती. ओढ्यात सोडून येतो."

"शिंग कशाचं?" मी जाणकारांना विचारलं.

"त्यांच्या कथेत बकरीचं."

"मग अडलं कुठं? बकरी आपलीच की!"

"थट्टा पुरे," भाऊजी म्हणाले. "घराण्याबाहेरची देवी टाकांत बसत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांसमोर बोलू नये, कळत होतं, पण बोलले. "मी तरी कुठं घराण्यातली? माझं माहेर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला टाकांना हात लावू दिला नाहीत. तेव्हा सासूबाईंनी हीच माझ्या हातात दिली. म्हणाल्या, हिला घास, हिला कोण न्हाय म्हनंल? इतकी वर्षं हिचंच तोंड बघून मी या घरात टिकले. हिला सोडायचं तर आधी मला सोडून या!"

जाणकार चपला शोधायला लागले. भाऊजी जिना चढून वर गेले.

मी तिला धुतली, पुसली, कुंकू लावलं आणि बिरोबा-खंडोबाच्या मधोमध बसवली. दुसऱ्या दिवशी घट बसले. आरतीला भाऊजी आले नाहीत, वरच्या मजल्यावर दार लावून बसले होते. मी घंटा जरा जोरातच वाजवली.