एस्तेर घसरली नव्हती

एस्तेरच्या मुलीचा, रूथचा फोन आला तेव्हा मी मागच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. तिकडं सकाळ असणार. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. मग लगेच, "पोलिसांनी काय लिहिलंय सांगू? घसरून पडली म्हणे." आई गेल्याचं सांगताना न रडलेली ही पोरगी हे सांगताना मात्र हमसून हमसून रडली. ती अजून युरोपातल्या त्याच शहरात, त्याच इमारतीत राहते. म्हणून देशाचं नाव लिहू नका अशी तिची विनंती आहे, आणि ती मी पाळणार आहे.

एस्तेर आमच्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. कोकणातल्या ज्यू घराण्यातली, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. नोकरीसाठी इकडं आली, नवरा लवकर गेला, रूथला तिनं एकटीनं वाढवलं. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ती राहायला आली तेव्हा मी शाळेत नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. तिच्या चौकटीला उजव्या बाजूला बोटभर लांबीची एक डबी ठोकलेली होती. जाता-येता ती डबीला बोटं लावून ओठांना लावायची. आम्ही लिंगायत. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, ह्ये काय हाय?" एस्तेर म्हणाली, "आमच्या देवाची वचनं हायेत आत. आमी ज्यू." सासूबाईंनी गळ्यातलं लिंग दाखवलं. "आमचा गळ्यात, तुमचा दारात," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. विषय तिथंच संपला, आणि कुणीही विचारलं की मोकळेपणानं सांगून टाकायची सवय एस्तेरला कायमची लागली. दिवाळीत ती सगळ्यांच्या ड्यूट्या घ्यायची, बदल्यात आपला पवित्र वार म्हणून शनिवार मागून घ्यायची. दोन-तीन वर्षांत कोकणी हेल जाऊन ती आमच्याहून जास्त आमच्यासारखं बोलायला लागली.

आमचं गाव फार सोज्वळ आहे असा दावा मी करणार नाही. एकदा कसल्याशा अफवेवरून पोरांचा घोळका बांगडीवाल्या रेहानाभाभीच्या दारात जमला. दगड आले, खिडकी फुटली. एस्तेर ड्यूटीवरून परतत होती. तशीच गणवेशात ठाण्यात गेली, मलाही ओढून नेलं. फौजदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, लोक तापलेत. त्यांना चार दिवस पाहुण्याकडं पाठवा."

"त्येंनी कावून जायाचं? दगड त्येंनी मारले का?"

"लोकांची डोकी मी कशी बदलू?"

"डोकी ऱ्हाऊ द्या साहेब. एक शिपाई दारात बसवा. बाकी मग बघू."

फौजदारांनी तिच्यापासून सुटका व्हावी म्हणून एक हवालदार पाठवला. तो भाभीच्या दारात खुर्ची टाकून आठवडाभर चहा पीत बसला, एक बोट न हलवता. पण घोळका परत आला नाही. एस्तेर पुढं कितीदा तरी म्हणायची, सरकारनं प्रेम करावं असं कुठं म्हणते मी, सरकारनं बसावं.

निवृत्तीनंतर रूथ तिला आपल्याकडं युरोपात घेऊन गेली. तिथं खालच्या मजल्यावर एक सभ्य, शिकलेला गृहस्थ राहायचा. हात जोडून "नमस्ते" म्हणायचा, पिशवी वर नेऊन द्यायचा. एस्तेरनं त्याला जवसाची चटणी दिली, त्यानं डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ली. "लई भला माणूस हाय गं सुमन," ती मला फोनवर म्हणाली. एक दिवस त्यानं तिनं तिथंही चौकटीला ठोकलेल्या डबीकडं बोट दाखवून हे भारतीय काही आहे का, असं विचारलं. एस्तेरनं सांगून टाकलं, जसं माझ्या सासूबाईंना सांगितलं होतं.

त्या दिवसापासून "नमस्ते" बंद झालं. आठवड्याच्या आत डबीला घाण फासलेली सापडली. तिनं पुसली. पुन्हा फासली, तिनं पुन्हा पुसली. मग दारावर खिळ्यानं सहा टोकांची चांदणी, ज्यूंची खूण, ओरखडली गेली. तेव्हा दूर ज्यूंच्या देशातल्या लढाईच्या बातम्या रोज येत होत्या, आणि रूथ राहते त्या देशात ज्यूंच्या दुकानांच्या काचा फुटत होत्या. लढाईचा हिशेब जिन्यातल्या म्हातारीकडून मागितला जात होता. एकदा जिन्यात तो तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. तिला तिकडची भाषा तोडकी-मोडकीच यायची. तिनं ते शब्द तसेच्या तसे घोकत घरी नेले आणि रूथला विचारलं, "ह्याचा अर्थ काय?" रूथनं आधी सांगितलंच नाही. अर्थ असा होता, की तुमच्यासाठी पूर्वी आमच्याकडं मृत्यूछावण्यांकडं जाणाऱ्या आगगाड्या होत्या, त्या बंद करायला नको होत्या.

मायलेकी पोलिसांत गेल्या. नाव सांगितलं, मजला सांगितला. तरुण अधिकारी होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, अगदी मनापासून ऐकलं आणि शेजाऱ्यांमधला वाद म्हणून नोंद केली. एस्तेरनं जिन्यात कॅमेरा आणि रोज एखाद्या शिपायाची फेरी मागितली. कॅमेऱ्याला सगळ्या रहिवाशांची संमती लागते, म्हणजे खालच्या मजल्यावरच्याचीही, असं तिला सांगण्यात आलं. निघताना तो अधिकारी मऊ आवाजात म्हणाला, "आजी, ती डबी आतल्या बाजूला लावा ना. घंटीवरचं नावही काढून टाका."

रूथनं भाषांतर केलं. एस्तेर म्हणाली, "त्याला विचार, म्हंजे जिना त्याचा आन दाराआड मी?" रूथनं याचं भाषांतर केलं नाही...

पुढं त्या शहरातलं ज्यूंचं एक प्रार्थनास्थळ कुणीतरी पेटवलं. मंत्री आले. मेणबत्ती लावून म्हणाले, या देशात द्वेषाला जागा नाही. एस्तेरनं ते टीव्हीवर पाहिलं आणि मला फोन लावला. "जागा न्हाई म्हनतो गं. आन मला तर तो रोज जिन्यात भेटतोय." मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, "मी कावून येऊ? मी काय केलंय?" तो प्रश्न मी एकदा ठाण्यात ऐकला होता.

ती पडली ती भरदुपारी. ती जिना उतरत होती, तो चढत होता. रूथ धावत बाहेर आली तेव्हा आई खालच्या वळणावर पाय वाकडा होऊन पडलेली, आणि तो आपल्या दाराला किल्ली लावत होता. "म्हातारी घसरली," म्हणाला आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. रूथनं एकदा फोन तिच्या कानाला लावून दिला. आयुष्यभर वॉर्ड दणाणून सोडणारा तो आवाज घासल्यासारखा येत होता. "सुमन... मी घसरले न्हाई. त्यानं कोपर मारलं. तू ध्यानात ठेव." तिनं हेच पोलिसांनाही सांगितलं होतं. औषधाच्या गुंगीतला जबाब म्हणून तो बाजूला ठेवला गेला. नंतर सरकारी वकिलांकडून उत्तर आलं. साक्षीदार नाही, चित्रीकरण नाही, द्वेषाचा हेतू दिसत नाही. ती गेल्यावर पंधरवड्यात जिन्यात कॅमेरा बसला. संमतीचा प्रश्न कसा सुटला, हे रूथला कुणी सांगितलं नाही. तो गृहस्थ आता त्या कॅमेऱ्याखालून जाता-येता तिला वाट देतो.

मी तिचा फोटो ठेवून घरी चार माणसं बोलावली. रेहानाभाभी आली, वॉर्डातल्या दोघी आल्या. माझा पुतण्या आला, चांगला शिकलेला डॉक्टर. चहा घेता घेता म्हणाला, "काकू, पण त्यांचे लोक तिकडं काय करतायत तेही बघा."

"कोण त्यांचे लोक? तिची माणसं इथं बसलीत. तुझा जन्म तिच्या हातावर झालाय."

"ते वेगळं," तो म्हणाला आणि त्यानं बिस्कीट चहात बुडवलं. रेहानाभाभी उठून चपला घालायला लागली. चार समुद्रांपलीकडच्या त्या भल्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी तो माझ्या बैठकीत बसलेला आहे असं मला वाटलं. मी पुतण्याच्या हातातला कप काढून घेतला. त्यानंतर तो आलेला नाही. न येवो.

तिला तिथंच पुरलं आहे. रूथनं मला सांगितलं होतं, कबरीच्या दगडावर एक ओळ मराठीत हवी, तुम्ही लिहून द्या. जन्मभर मराठी शिकवलेल्या मला एक ओळ लिहायला आठ दिवस लागले. शेवटी साधंच लिहिलं: एस्तेर सिस्टर, अंबाजोगाई. रूथला ते आवडलं. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. दफनभूमीतले दगड कुणीतरी रात्रीतून आडवे केले, उरलेल्यांवर रंग ओतला. पहारा देण्याइतकी माणसं नाहीत असं नगरपालिका म्हणते. म्हणून नव्या कबरींवर सध्या दगड नको, नाव नको, नुसता लाकडी खुंट आणि त्यावर आकडा, असा सल्ला आला आहे. रूथनं तो मान्य केला.

"अगं, पण मग ती सापडायची कशी?" मी विचारलं.

"सापडू नये म्हणूनच, मावशी," रूथ म्हणाली.