विधवेला संवाद नाहीत

"तुम्हाला संवाद नाहीत. तुम्ही फक्त खाली मान घालून बसायचं. अगदी नॅचरल वाटाल."

असं मला मॅडम म्हणाल्या. सगळ्यांसमोर, हसून. वर हातात एक जुनी सुती ओढणी दिली, डोक्यावरून घ्यायला.

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या सरकारी वसाहतीचा हॉल. रविवारची सकाळ. बूट बाहेर काढून वीसेक मराठी माणसं गोल बसलेली. पुण्यातल्या कुठल्याशा कम्युनिटी कॉलेजचा सर्टिफिकेट कोर्स टोकियोत आला होता. नाव ऐका: 'आदिवासी न्यायपंचायतीतील वकिली आणि समग्र आरोग्य'. पहिला तास पंचांपुढे बाजू कशी मांडायची त्याचा. दुसरा श्वासाचा, ध्यानाचा आणि काढ्यांचा. म्हणजे दहा ते अकरा आदिवासींना न्याय, अकरा ते बारा स्वतःला शांती. बारा वाजता इडल्या.

मॅडम म्हणजे बँकेतल्या एका मोठ्या साहेबांच्या मिसेस. नवऱ्याचं पोस्टिंग तीन वर्षांचं. पहिल्या वर्षी त्यांनी जपानी पुष्परचना शिकवली, दुसऱ्या वर्षी आम्हा आदिवासींना घेतलं. बाकीचे सॉफ्टवेअरवाले, त्यांच्या बायका, आणि ट्रेडिंग कंपनीतले लिमयेकाका. खरी आदिवासी मी एकटीच. नाशिकच्या सुरगाण्याकडची, कोकणा जमातीची. फॉर्मवर तसं लिहिलं तेव्हा मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. "अय्या, खरंच? वाटत नाही हो अजिबात!" हे कौतुक होतं म्हणे.

मी काही हौसेनं गेले नव्हते. बाप वारला आणि चुलत्यानं आमच्या वावरावर हक्क सांगितला. मुलगा नाही, एक पोरगी, ती जपानात, तेव्हा जमीन भावाच्या पोरांची. होळीनंतर गावात पंच बसणार होते. डोंगरउतारावरचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, वावर आहे ते, फार मोठं नाही. पण ते गेलं तर आईला चुलत्याच्या ओसरीवर, त्याच्या सुनांच्या हाताखाली दिवस काढावे लागणार. तिच्या बाजूनं बोलायला कोणी नाही. मी ऑफिसात टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढते. पण पंचांपुढे काय आणि कसं बोलायचं, ते मला येत नव्हतं. तेवढंच शिकायचं होतं.

'कोर्स का करायचा आहे' या रकान्यात मी हे सगळं मोकळेपणानं लिहिलं होतं. मूर्ख मी. मॅडमनी त्याचं नाटुकलं केलं. मला न विचारता. मुख्य पंच लिमयेकाका. वकील मॅडम स्वतः. आणि ती विधवा, म्हणजे माझी आई, मी. बिनसंवादाची.

लिमयेकाकांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गरजले, "काय गं ए बाये, तुजं काय म्हननं हाय?" सगळे खो खो हसले. आमच्यात असं कोणी बोलत नाही. कुठंच कोणी असं बोलत नसेल.

आणि मी बसले. हे सांगायची आजही लाज वाटते. ओढणी घेऊन, मान खाली घालून, पाच मिनिटं मी खरंच बसले.

मग मॅडम उठल्या. "हिंदू वारसा कायद्यानुसार विधवेला आणि मुलीला समान हक्क आहे! संपली केस!" टाळ्या.

मी ओढणी काढली.

"मॅडम, तो कायदा आम्हाला लागू होत नाही."

"अहो, तुम्हाला संवाद नाहीत," मागून कोणीतरी म्हणालं. परत हशा.

"त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय. अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून तर पंच रूढी पुढे करतात. हे भाषण माझ्या आईनं तिथं केलं, तर चुलता पोट धरून हसेल आणि वावर जाईल."

इतके महिने आदिवासींची वकिली शिकवणाऱ्या बाईला ही पहिली ओळ माहीत नव्हती. मला वाटलं, निदान ओशाळतील. छे! त्या आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ट्रिगर झालात. साहजिक आहे. डोळे मिटा. खोल श्वास घ्या."

आणि काय सांगू, बाकीच्या सगळ्यांनी डोळे मिटले! चूक त्यांची, श्वास मी घ्यायचा.

"मॅडम, श्वास मला जन्मापासून येतो," मी म्हटलं. "कायदा तुम्हाला येत नाही."

लिमयेकाकांनी एक डोळा उघडला. "अहो ताई, इतकं काय मनावर घेता? तुमच्याच लोकांसाठी चाललंय ना हे?"

"मग सांगा ना काका, माझ्या आईचं वावर कसं वाचेल? येतंय कुणाला?"

काकांनी तो डोळा परत मिटून घेतला. मी ओढणी खुर्चीवर टाकली आणि बाहेर पडले. असल्या लोकांकडे मी शिकायला गेले होते, याचीच जास्त चीड आली.

खाली बाकावर बसून आईला फोन लावला. ती आमच्या बोलीत बोलली, मी इथं मराठीत सांगते. ती म्हणाली, "आपल्यात बाई पंचांपुढं बोलत नाही. चुलता सांगून गेलाय, तुझ्या पोरीनं फोनवरसुद्धा यायचं नाही."

वा रे वा! इकडं पुण्याच्या कोर्सवाल्या मॅडम, तिकडं सख्खा चुलता. दोघांनी बसून ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

मी विचारलं, "आई, आजोबा गेल्यावर ते वावर कोणी कसलं?"

"तुझ्या आजीनं. तुझा बाप हाताशी येईपर्यंत. बारा वर्षं."

"पंच काय म्हणाले तेव्हा?"

"काही नाही. पेरणीला नारळ घेऊन आले होते."

मी ते लिहून घेतलं. कोणकोणते पंच आले होते, त्यांच्यातलं कोण हयात आहे, सगळं. रूढी रूढी म्हणतात ना? ही घ्या रूढी: विधवेनं वावर कसायचं, पंचांनी नारळ आणायचा.

सोमवारी ऑफिसातल्या माझ्या जपानी साहेबांकडे रजा मागितली. तानाकासाननी विचारलं, घरी कार्य आहे का? मी म्हटलं, नाही, भांडण आहे. त्यांनी सही केली.

पंच ऐकतील की नाही, माहीत नाही. चुलता वाटेत आडवा येईल. येऊ दे. आई अजून म्हणते, मला नाही जमायचं. मी रोज फोनवर तिच्याकडून म्हणवून घेते: माझ्या सासूनं कसलं, मी कसणार. आवाज अजून कापतो तिचा. कापू दे. पंचांपुढं पहिली ती बोलेल. मग मी.